दुकान ग्राहकाशी बोलते तेव्हा : ऑनलाइन स्टोअरच्या थीममधील सूचनांचा आढावा

किराणा दुकानात यूपीआयने पैसे दिले की गल्ल्याजवळचा साउंडबॉक्स किती रुपये आले ते मोठ्याने सांगतो. दुकानदार मान डोलावतो, गिऱ्हाईक पिशवी उचलते. ऑनलाइन दुकानात हेच काम पानावरच्या एका छोट्या पट्टीवर सोपवलेले असते. ‘वस्तू कार्टमध्ये आली’, ‘कूपनची मुदत संपली’, ‘या पिनकोडवर माल पोहोचत नाही’, ‘पेमेंटची खात्री अजून झालेली नाही’, अशी ही वाक्ये. ती पानावर कुठे दिसावीत, किती वेळ राहावीत, डोळ्यांनी न वाचणाऱ्यापर्यंत कशी पोहोचावीत आणि दिसलीच नाहीत तर दोष कोणाचा, यावर वेबवर दुकाने उभारणाऱ्यांत वीस वर्षांहून अधिक काळ मतभेद आहेत. विषय किरकोळ समजला जातो. दुकानाचे रूप ठरवणारी थीम विकत घेताना लोक पहिले पान पाहतात, फोटोंची मांडणी पाहतात. मुद्दाम चुकीचा पिनकोड टाकून काय होते ते क्वचितच कोणी पाहतो. पण ग्राहकाचे पैसे अडकतात तेव्हा त्याच्यासमोर फक्त ती पट्टी असते. म्हणून या प्रश्नाचा उगम, त्यावरच्या मुख्य भूमिका आणि अजून न सुटलेल्या गाठी येथे क्रमाने मांडतो.

पान बदलते, सांगायचे राहून जाते

वेब ज्या एचटीटीपीवर चालते, त्याला स्मरणशक्ती नाही. ब्राउझरने पान मागितले, सर्व्हरने दिले, संबंध संपला. पुढची मागणी आली की ती सर्व्हरला नव्या माणसाची वाटते. दुकानाला हे परवडणारे नव्हते. १९९४ मध्ये नेटस्केपमधल्या लू माँटुली यांनी वेबवर कुकी आणली, तेव्हा समोरची गरज खरेदीच्या टोपलीचीच होती : ग्राहकाने काय काय निवडले ते पान बदलले तरी लक्षात राहायला हवे होते. पुढे कुकीच्या आधाराने सर्व्हरवर प्रत्येक ग्राहकाची ‘सेशन’ नावाची तात्पुरती नोंद ठेवता येऊ लागली.

दुसरी अडचण फॉर्मची. ऑर्डरचा फॉर्म पाठवल्यावर आलेले पान ग्राहकाने रिफ्रेश केले, तर फॉर्म पुन्हा जातो आणि ऑर्डर दोनदा पडू शकते. त्यावर उपाय निघाला तो असा : फॉर्मचे काम उरकले की सर्व्हरने तिथेच पान न देता ब्राउझरला दुसऱ्या पत्त्यावर पाठवायचे. एचटीटीपीच्या १.१ आवृत्तीत यासाठी ३०३ हा संकेतांक आहे. २००४ मध्ये मायकेल जोरावलेव्ह यांनी या पद्धतीवर लिहिलेला लेख गाजला आणि ‘पोस्ट-रिडायरेक्ट-गेट’ हे नाव रुळले. दुहेरी ऑर्डर टळली, पण नवा पेच आला. ग्राहकाला सांगायचे वाक्य पहिल्या मागणीत तयार होते आणि त्याला दिसणारे पान दुसऱ्या मागणीचे असते. मग वाक्य सेशनमध्ये ठेवायचे, पुढच्या पानावर एकदा दाखवायचे आणि लगेच पुसून टाकायचे. त्याच वर्षी आलेल्या रुबी ऑन रेल्सने याला ‘फ्लॅश’ म्हटले. पीएचपीत लिहिलेल्या दुकानांनीही हाच मार्ग धरला.

ठेवणे, दाखवणे, पुसणे. यातली पहिली आणि तिसरी पायरी दुकानाच्या मूळ सॉफ्टवेअरच्या हातात असते, मधली थीमच्या हातात. बहुतेक तंटे या वाटणीतून निघालेले आहेत.

मॅजेंटोचा अनुभव

हे तंटे सर्वांत स्पष्ट दिसतात ते मॅजेंटो या दुकान-सॉफ्टवेअरच्या वाटचालीत. त्याची पहिली आवृत्ती मार्च २००८ मध्ये आली. सूचनांचे चार प्रकार तिच्यात होते : यश, माहिती, इशारा आणि चूक. इथपर्यंत सोपे होते. पण सेशन एकच नव्हते. खात्याशी संबंधित सूचना ‘कस्टमर’ सेशनमध्ये, कार्टच्या ‘चेकआउट’ सेशनमध्ये, उत्पादनांच्या पानांवरच्या ‘कॅटलॉग’मध्ये आणि उरलेल्या ‘कोअर’मध्ये अशी विभागणी होती. कोणत्या पानाने कोणत्या सेशनमधल्या सूचना उचलायच्या, हे त्या पानाच्या कंट्रोलरने स्पष्ट सांगावे लागे. उचललेल्या सूचना ‘मेसेजेस’ नावाच्या ब्लॉकमध्ये भरल्या जात आणि तो ब्लॉक छापण्याची जबाबदारी थीमच्या टेम्प्लेटवर असे. शिवाय सगळ्या पानांसाठी ‘ग्लोबल मेसेजेस’ हा वेगळा ब्लॉक एक-स्तंभी, दोन-स्तंभी सांगाड्यांत ठेवलेला असे.

यातून दोन प्रकारचे बिघाड होत. थीम लिहिणाऱ्याने सांगाडा नव्याने मांडताना ब्लॉक छापणारी ओळ गाळली, तर सूचना सेशनमधून उचलली जाई, पुसली जाई आणि कोणालाच दिसत नसे. लॉगिनचा पासवर्ड चुकला तरी पान तसेच्या तसे परत येई; ग्राहक पुन्हा पासवर्ड टाके, पुन्हा तेच. दुसरा बिघाड याच्या उलट. कंट्रोलरने सूचना उचललीच नाही, तर ती सेशनमध्ये पडून राही आणि जिथे उचलली जाई अशा भलत्याच पानावर, बऱ्याच वेळाने उगवे. ग्राहक पत्ता बदलायला खात्यात जातो आणि मघाशी टाकलेल्या वस्तूची वार्ता त्याला तिथे मिळते. हा दुसरा बिघाड मला अधिक घातक वाटतो. न दिसलेली सूचना गोंधळात टाकते. चुकीच्या जागी दिसलेली सूचना खोटे सांगते.

यावर दोन बाजू होत्या आणि दोन्हींत तथ्य होते. थीम बनवणाऱ्यांचे म्हणणे असे, की मांडणी आमची, पण ग्राहकाला चूक कळणे हा दुकानाचा कणा आहे. तो एका ओळीच्या छपाईवर अवलंबून ठेवू नये, सॉफ्टवेअरनेच हमी द्यावी. मूळ सॉफ्टवेअरची बाजू अशी, की सूचना कुठे यावी हे ठरवण्याचे स्वातंत्र्य थीमला हवे असेल, तर ती दाखवण्याची जबाबदारीही तिचीच. स्वातंत्र्य आणि हमी एकाच वेळी पूर्ण देता येत नाही, हे मॅजेंटोने सर्वांना दाखवून दिले.

नोव्हेंबर २०१५ मध्ये मॅजेंटो २ आले तेव्हा प्रश्नाने दिशा बदलली. पाने वेगाने यावीत म्हणून तयार पान साठवून तेच सर्वांना देण्याची पद्धत या आवृत्तीत मध्यवर्ती झाली. त्यासाठी व्हार्निश या कॅश-सर्व्हरची शिफारस होती. पण सूचना पानात छापली आणि ते पान साठवले गेले, तर एका ग्राहकाचे वाक्य दुसऱ्याला दिसणार. म्हणून सूचना पानातून काढून ब्राउझरकडे नेल्या गेल्या. सर्व्हर सूचना कुकीत ठेवतो किंवा ग्राहकाच्या ‘खासगी माहिती’बरोबर वेगळी पाठवतो आणि नॉकआउट ही जावास्क्रिप्ट लायब्ररी ती पानावर रंगवते. कॅशचा धोका गेला. बदल्यात नवे परावलंबन आले : पानावरच्या कुठल्याही जावास्क्रिप्टने मान टाकली, तर सूचना गप्प. २०२१ मध्ये नेदरलँड्समधून आलेल्या हिवा थीमने नॉकआउट काढून अल्पाइन ही हलकी लायब्ररी घेतली आणि सूचना हा ब्राउझरमधला एक ‘इव्हेंट’ मानला. पानाच्या कोणत्याही भागाने हाक द्यावी, एकाच ठिकाणी ती ऐकली जावी. रचना सुटसुटीत झाली, तरी जावास्क्रिप्टवरचे अवलंबन राहिलेच.

सुरक्षेचा धागाही याच काळात पुढे आला. सूचनेत ग्राहकाने टाईप केलेला मजकूर परत दाखवला जातो, कधी त्यात दुवाही असतो. तो गाळणी न लावता छापला, तर परक्याचा कोड दुकानाच्या पानावर चालू शकतो. मॅजेंटो २ ने दुवा असलेल्या सूचनांसाठी आधी नोंदवलेली टेम्प्लेट वापरायची सोय दिली, जेणेकरून सूचनेच्या मजकुरात थेट एचटीएमएल लिहावे लागू नये. या मुद्द्यावर मतभेद नाही. सूचना पत्त्याच्या पट्टीतल्या शब्दांवरून छापणारी थीम धोकादायक आहे, मग ती कितीही देखणी असो.

इतर दुकानांनी काय केले

२०११ मध्ये सुरू झालेल्या, वर्डप्रेसवर चालणाऱ्या वूकॉमर्सने सेशनचा घोळ टाळला. सूचना एकाच ठिकाणी साठतात, प्रकार तीनच : यश, चूक, माहिती. प्रत्येकाचे छोटे टेम्प्लेट असते आणि थीम आपल्या फोल्डरमध्ये त्याची प्रत ठेवून रूप बदलू शकते. मूळ टेम्प्लेट पुढे सुधारले आणि थीममधली प्रत जुनी राहिली, तर दुकानदाराच्या सिस्टिम स्टेटस पानावर तसा इशारा दिसतो. स्वातंत्र्य आणि हमी यांतला हा समंजस मध्यममार्ग होता. मात्र नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या ८.३ आवृत्तीपासून नव्या दुकानांत कार्ट आणि चेकआउटसाठी वर्डप्रेसचे ‘ब्लॉक’ हीच मूळ निवड झाली. ही पाने ब्राउझरमध्ये रंगवली जातात, त्यामुळे जुन्या टेम्प्लेटवर थीमने केलेली मेहनत त्यांना लागू होत नाही. एकाच दुकानात उत्पादनाच्या पानावर एक रूप आणि चेकआउटवर दुसरे, असे दृश्य त्यामुळे दिसते.

प्रेस्टाशॉपने २०१६ मधल्या १.७ आवृत्तीत चारही प्रकारच्या सूचनांसाठी एकच सामाईक तुकडा ठेवला आणि दुसऱ्या पानावर पाठवताना सूचना सोबत नेण्याची सोय मूळ सॉफ्टवेअरमध्येच दिली. याविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. ते नीट चालते.

शॉपिफायची वाट वेगळी. तिथे फॉर्मच्या चुका थीमला लिक्विड भाषेतून मिळतात, आणि २०२१ मधल्या डॉन या नमुना थीममध्ये कार्टसाठी तीन पर्याय दुकानदारापुढे ठेवले आहेत : सरकत येणारा कप्पा, स्वतंत्र पान किंवा वर उघडणारी छोटी सूचना. चेकआउट मात्र थीमच्या आवाक्याबाहेर आहे. मोठ्या दुकानांना चेकआउटचे टेम्प्लेट बदलण्याची मुभा होती. माहिती, शिपिंग आणि पेमेंटच्या पानांसाठी तीही ऑगस्ट २०२४ मध्ये संपली. आता ठरलेल्या जागांवरच ॲप आपली पट्टी ठेवू शकते. म्हणजे सर्वांत महत्त्वाच्या टप्प्यावर शॉपिफायने हमीची बाजू घेतली. थीम लिहिणाऱ्यांना हे बोचते, पण पैसे देताना ग्राहकाला अनोळखी वागणूक मिळू नये हा विचार मला पटतो.

वर, कोपऱ्यात की चुकीच्या शेजारी

जागेचा वाद डिझाइनवाल्यांचा आहे आणि त्याला संशोधनाची जोड आहे. ल्यूक व्रोब्लेव्स्की यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, फॉर्म भरता भरताच प्रत्येक रकान्याशेजारी चूक-बरोबर सांगितल्यावर यशस्वीपणे फॉर्म भरणारे २२ टक्क्यांनी वाढले आणि लागणारा वेळ ४२ टक्क्यांनी घटला. यानंतर शेजारी दाखवणे हेच शहाणपण मानले गेले. परंतु त्याआधी दोन वर्षे, २००७ मध्ये, बाझेल विद्यापीठातल्या हाविएर बार्गास-आविला आणि सहकाऱ्यांनी वेगळे मांडले होते. लोक फॉर्म भरण्याच्या ओघात असतात तेव्हा लगेच दाखवलेल्या चुकांकडे दुर्लक्ष करतात. भरून झाल्यावर दाखवलेल्या चुका अधिक चांगल्या दुरुस्त होतात, असा त्यांचा निष्कर्ष होता.

दोन्ही अभ्यास एकमेकांना खोडतात असे वाटते, पण त्यांच्यातून मार्ग काढता येतो. व्रोब्लेव्स्की यांच्या चाचणीत रकाना सोडल्यानंतर दिलेला निकाल उपयोगी ठरला होता; टाईप करत असतानाच ओरडणारी सूचना त्यांच्याही सहभागींना त्रासदायक वाटली. ब्रिटिश सरकारच्या डिझाइन पद्धतीने यातून मधली वाट पक्की केली : फॉर्म पाठवल्यावर वरच्या बाजूला सर्व चुकांची यादी, यादीतली प्रत्येक ओळ त्या रकान्याकडे नेणारी, आणि रकान्याशेजारी तेच वाक्य पुन्हा. दुकानाच्या पत्ता-फॉर्मसाठी यापेक्षा चांगला नमुना माझ्या पाहण्यात नाही.

यशाच्या सूचनेचे काय? इथे ‘टोस्ट’चा प्रवेश होतो. अँड्रॉइडमध्ये सुरुवातीपासून असलेली ही पट्टी काही क्षण उगवते आणि आपोआप जाते. तिची ठरलेली मुदत दोन किंवा साडेतीन सेकंदांची. पुढे मटेरियल डिझाइनने ‘स्नॅकबार’ आणला, त्यात मुदत चार ते दहा सेकंद सुचवली. समर्थकांचा युक्तिवाद सरळ आहे : ग्राहक खरेदीच्या ओघात आहे, त्याला अडवू नका, सांगा आणि बाजूला व्हा. वर पट्टी घातली तर पान खाली सरकते. गुगल पानाची जी स्थिरता मोजते, तिलाही उशिरा आलेल्या पट्टीने धक्का बसतो. विरोधकांचे म्हणणे असे, की सावकाश वाचणाऱ्याला, स्क्रीन मोठी करून पाहणाऱ्याला, क्षणभर मूल रडले म्हणून मान वळवणाऱ्याला ती पट्टी कधी दिसतच नाही. गिटहबच्या डिझाइन पद्धतीत तर टोस्ट वापरू नका असाच सल्ला दिलेला आहे. आणखी एक जुना अनुभव आहे : १९९८ मध्ये बेनवे आणि लेन यांनी दाखवले, की ठळक रंगीत पट्टी जाहिरातीसारखी दिसली तर लोक ती वाचतच नाहीत. भरमसाट सवलतींच्या पट्ट्या वर लटकवणाऱ्या थीममध्ये खरी चूकसुद्धा जाहिरात समजून सोडून दिली जाते.

माझ्या मते वाद जागेचा कमी आणि सूचनेच्या जातीचा जास्त आहे. ‘वस्तू कार्टमध्ये आली’ ही घटना आहे. ती निसटली तरी कार्टवरचा आकडा सत्य सांगतो. ‘पेमेंट अडकले’ ही स्थिती आहे. ती एकदा दाखवून पुसणे गैर आहे. टोस्टला घटनेपुरती जागा आहे, स्थितीला नाही.

ज्यांना पट्टी दिसत नाही

जून २०१८ मध्ये वेबच्या सुलभतेच्या निकषांची २.१ आवृत्ती आली, तिच्यातला ४.१.३ हा निकष थेट या विषयाचा आहे. कीबोर्डचा फोकस न हलवता स्थितीदर्शक सूचना पडदा वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला कळली पाहिजे, असे तो सांगतो. साधन त्याआधीच होते : २०१४ मध्ये मान्य झालेल्या एरिया मानकात ‘अलर्ट’ आणि ‘स्टेटस’ अशा दोन भूमिका आहेत. पहिली बोलणे तोडून लगेच सांगते, दुसरी सवड मिळाल्यावर.

अनेक थीम सूचनेला ‘अलर्ट’ लावून मोकळ्या होतात. प्रत्यक्षात ही युक्ती पानात होणारा बदल ऐकवण्यासाठी आहे. पान नव्याने उघडताना सूचना आधीपासूनच त्यात असेल, तर कित्येक स्क्रीन रीडर ती आपणहून वाचत नाहीत. म्हणजे ‘ठेवणे, दाखवणे, पुसणे’ या जुन्या पद्धतीत, पान बदलल्यावर दिसणारी सूचना ऐकू येईलच असे नाही. काही जण पान उघडताच कीबोर्डचा फोकस सूचनेवर नेतात, काही पान उघडल्यावर क्षणभराने सूचना घालतात. पहिल्याने ग्राहकाला पानाच्या सुरुवातीपासून तोडल्यासारखे होते, दुसऱ्याने वेळेचा जुगार होतो. चूक सांगणाऱ्या सूचनेसाठी फोकस नेणे योग्य आणि यशासाठी नको, यावर आता बऱ्यापैकी एकमत आहे. शिवाय सगळ्यालाच ‘अलर्ट’ लावले, तर प्रत्येक ‘वस्तू टाकली’ला वाचन तुटते आणि माणूस वैतागतो.

रंगाचा मुद्दा सर्वांना ठाऊक असूनही सर्वाधिक दुर्लक्षित आहे. लाल म्हणजे चूक, हिरवे म्हणजे यश. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे आठ टक्क्यांना रंगांचा, मुख्यतः लाल-हिरव्याचा, भेद करणे कठीण जाते. आपल्याकडेही असे ग्राहक आहेत. फक्त रंगावर भिस्त नको, हे निकषांत पहिल्यापासून लिहिलेले आहे. एक खूण आणि ‘चूक’ हा शब्द पुरतो.

कायदा हळूहळू या बाजूला सरकत आहे. युरोपीय संघाचा सुलभता कायदा २८ जून २०२५ पासून ऑनलाइन विक्रीलाही लागू झाला. दहापेक्षा कमी माणसांच्या छोट्या सेवा-व्यवसायांना त्यात सूट आहे. भारतात २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, आणि ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तो खटला केवायसीचा होता, दुकानांचा नव्हे; पण त्याचा रोख दुकानांनी ओळखायला हवा.

मराठीत सांगायचे तर

मराठी ग्राहकासाठी थीम तयार करणाऱ्याला दोन अडचणी हमखास येतात. पहिली डोळ्यांना दिसणारी. लॅटिन लिपीच्या मापाने पट्टीची उंची बांधलेली असते. देवनागरीतले रफार, वेलांट्या आणि उकार वर-खाली कापले जातात. उंची मजकुराप्रमाणे वाढू दिली की हे सुटते.

दुसरी अडचण व्याकरणाची आणि ती खोल आहे. मूळ वाक्यात वस्तूच्या नावासाठी रिकामी जागा असते आणि पुढे क्रियापद. मराठीत साडी ‘टाकली’, पंखा ‘टाकला’, पुस्तक ‘टाकले’. वर्डप्रेस ज्या गेटटेक्स्ट पद्धतीवर चालते तिच्यात एकवचन-अनेकवचनाची सोय आहे, लिंगाची नाही. असती तरी वस्तूचे लिंग दुकानाच्या माहितीसाठ्यात कोणी नोंदवत नाही. म्हणून अनुवादकाने वाक्यच असे घडवावे लागते की क्रियापद वस्तूला चिकटणार नाही : ‘कार्टमध्ये नवी वस्तू : पैठणी’ किंवा ‘ही वस्तू तुमच्या कार्टमध्ये आहे’. हे साधते ते वाक्य सलग असेल तरच. थीम लिहिणाऱ्याने तीन तुकडे जोडून वाक्य केले असेल, तर अनुवादक हतबल होतो. सूचनेचा मजकूर थीमने स्वतः लिहू नये, मूळ सॉफ्टवेअरकडून पूर्ण वाक्य घ्यावे, या मागणीला मराठीसारख्या भाषांमुळे बळ मिळते.

सूचना की विक्री

ज्या जागेत चूक सांगायची, त्याच जागेत घाई लावायचा मोह दुकानांना होतो. ‘फक्त दोनच शिल्लक’, ‘आत्ताच कोणीतरी हे घेतले’. २०१९ मध्ये प्रिन्स्टनच्या अरुणेश माथुर आणि सहकाऱ्यांनी सुमारे ११ हजार खरेदी-संकेतस्थळांची ५३ हजार उत्पादन-पाने तपासली. त्यांना फसव्या किंवा दबाव आणणाऱ्या मांडणीची १,८१८ उदाहरणे सापडली आणि १८३ संकेतस्थळांवर उघड दिशाभूल आढळली. ‘आत्ताच घेतले’ छापाच्या काही सूचनांमागे खरा ग्राहक नव्हता, कोडने काढलेला यादृच्छिक आकडा होता. असे तयार तुकडे विकणाऱ्या तिसऱ्या पक्षाच्या २२ कंपन्याही त्यांनी नोंदवल्या.

दुकानदारांच्या बाजूने मांडला जाणारा मुद्दा ऐकून घ्यावा लागतो. मालाचे खरोखर दोनच नग असतील, तर ते सांगणे ही ग्राहकाची सोय आहे. नंतर ‘संपले’ सांगण्यापेक्षा ते बरे. भारताच्या नियमांनीही हा भेद मान्य केला आहे. ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत १३ ‘डार्क पॅटर्न’ नोंदले आहेत. खोटी घाई, नकार देताना लाजवणे आणि सतत टोचत राहणे हे त्यांतले तीन थेट सूचनांशी संबंधित आहेत. मनाई खोट्याला आहे, माहितीला नाही. जून २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करायला सांगितले. थीमसोबत येणाऱ्या तयार ‘सेल्स पॉप-अप’ तुकड्याची जबाबदारी मात्र कोणाची, थीम विकणाऱ्याची की तो चालू करणाऱ्या छोट्या दुकानदाराची, हे स्पष्ट व्हायचे आहे. दुकानदाराला कित्येकदा आकडा कुठून येतो तेही ठाऊक नसते.

पैसे गेले, पण ऑर्डर?

या सगळ्या विषयाचा कस लागतो तो पेमेंटच्या पानावर. ग्राहक दुकानातून यूपीआय ॲपमध्ये जातो, पिन टाकतो, परत येतो. कधी परत येतच नाही. फोन वाजतो, ब्राउझर बंद होतो. बँकेचे उत्तर दुकानाच्या सर्व्हरला वेगळ्या वाटेने, पाठीमागून मिळते आणि ते ग्राहकाच्या पाठोपाठच येईल असे नाही. त्यामुळे पान उघडते त्या क्षणी दुकानाला खरे उत्तर माहीत नसण्याची शक्यता असते.

या क्षणी काय दाखवावे, यावर दोन मते आहेत. विक्रीकडे पाहणारे म्हणतात, ‘पेमेंट झाले नाही, पुन्हा प्रयत्न करा’ असे लगेच सांगा, नाहीतर ग्राहक निघून जाईल. दुसरे म्हणतात, माहीत नसेल तर माहीत नाही असेच सांगा. पुन्हा पैसे देऊ नका, थोड्या वेळाने ऑर्डरच्या पानावर पाहा. मी दुसऱ्या बाजूचा आहे. खात्यातून रक्कम गेलेली असताना ‘अयशस्वी’ वाचणारा ग्राहक दुसऱ्यांदा पैसे भरतो आणि मग दोन्हींच्या मागे धावतो. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, यूपीआयने दिलेली रक्कम खात्यातून गेली पण व्यापाऱ्यापर्यंत खात्री पोहोचली नाही, तर ती व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी, आणि उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. ही एक ओळ पेमेंट-सूचनेत असती, तर किती ग्राहकांचा जीव भांड्यात पडला असता! आजवर ती मी फार कमी थीममध्ये पाहिली आहे.

तांत्रिक बाजूने पाहिले तर दोष पुन्हा ‘एकदा दाखवा, पुसा’ या सवयीचा आहे. पेमेंटची स्थिती सेशनमधून आलेले वाक्य असता कामा नये. ती ऑर्डरच्या नोंदीतून, पान जितक्यांदा उघडेल तितक्यांदा, ताजी वाचून दाखवली पाहिजे. रिफ्रेश केल्यावर पट्टी गायब होणे इथे क्षम्य नाही.

जे अजून सुटलेले नाही

तीन प्रश्न खुले आहेत. पहिला मालकीचा. एका दुकानात मूळ सॉफ्टवेअर, थीम आणि दहा-पंधरा ॲप असतात आणि प्रत्येकाला काहीतरी सांगायचे असते. एकाच वेळी कुकीची परवानगी, सवलतीची पट्टी, चॅटचा फुगा आणि ‘कूपन चालले नाही’ ही चूक पडद्यावर येतात. कोणाला पुढे जाऊ द्यायचे, हे ठरवणारी सर्वमान्य व्यवस्था नाही. रांग लावून एका वेळी एकच दाखवावी असे काही सुचवतात; पण रांगेत चूक मागे राहिली तर ती पट्टी कशाला?

दुसरा ब्राउझरचा. संवाद-चौकटी आणि वर उघडणारे कप्पे आता ब्राउझर स्वतः हाताळू लागले आहेत. मात्र कप्पा उघडा असताना त्याच्याबाहेरची सूचना स्क्रीन रीडरला ऐकू यावी की नाही, यावर ब्राउझरांचे वागणे एकसारखे नाही. सूचना पानावर न लिहिता थेट स्क्रीन रीडरकडून ऐकवण्याची नवी सोय मांडली गेली आहे. तिने डोळ्यांनी पाहणाऱ्यांचा आणि कानांनी ऐकणाऱ्यांचा मजकूर वेगळा होईल का, ही शंकाही रास्त आहे.

तिसरा पुराव्याचा. पत्ता-फॉर्मवर अभ्यास झाले, तेही बहुतांशी इंग्रजी किंवा युरोपीय भाषांत आणि मोठ्या पडद्यांवर. आपल्याकडचा ग्राहक स्वस्त फोनवर, उन्हात, अर्धे इंग्रजी अर्धे मराठी पान वाचत, यूपीआयने पैसे देतो. त्याला कोणती सूचना कळते आणि कोणती निसटते, याचा अभ्यास आपल्या विद्यापीठांनी आणि डिझाइन संस्थांनी हाती घेण्यासारखा आहे.

तोवर थीम निवडणाऱ्या दुकानदारांना एक विनंती. डेमो पाहताना फोटोंवर थांबू नका. चुकीचा पिनकोड टाका, संपलेले कूपन लावा, शिल्लक नसलेली वस्तू मागवा, पेमेंट अर्ध्यात सोडून परत या, पान रिफ्रेश करा. नंतर अँड्रॉइड फोनवरचा टॉकबॅक हा स्क्रीन रीडर सुरू करून डोळे मिटा आणि हेच सगळे पुन्हा करा. काय बिघडले आणि पुढे काय करायचे, हे थीमने प्रत्येक वेळी सांगितले तरच ती विकत घ्या.